घागरीच्या बुडावरचं नाव

दहावीच्या त्या वर्षी मला एका जागी बसवत नसे. वर्गात बसले की दुकान आठवायचं, दुकानात बसले की घर, आणि घरी आले की दहा मिनिटांत चपला पुन्हा पायात. मोबाइलवर लावलेला माझा फोटो मी दिवसातून चारदा बदलायचे. आधी वेणीचा, मग मोकळ्या केसांचा, मग मैत्रिणीचा चष्मा लावून काढलेला, आणि शेवटी सगळ्यांचा कंटाळा येऊन नुसतं एक फूल. आई म्हणायची, "हिच्या पायाले भिंगरी हाय." मला आईचाही राग यायचा आणि त्या भिंगरीचाही. भिंगरी निदान एका जागी गरगरते. माझं तेवढंही नव्हतं.

माझे बाबा भांड्यांवर नावं टाकतात. मलकापुरात स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर चाचांचं भांड्यांचं दुकान आहे. चाचा म्हणजे माझे कोणी नात्याचे नव्हेत, पण मी रांगत होते तेव्हापासून त्यांच्या दुकानात आहे. त्यांच्या ओट्यावर पोतं टाकून बाबा बसतात. लग्नाची, बारशाची, वास्तूची भांडी आत चाचांकडून घ्यायची आणि बाहेर बाबांकडून त्यांवर नाव टाकून घ्यायचं, अशी रीत. त्याला मशीन लागतं. मशीन म्हणजे जाड पेनासारखी वस्तू, मागे वायर, पुढे सुई. बटण दाबलं की सुई थरथरते आणि टर्रर्र आवाज करत धातूवर अक्षर उमटतं. एकदा उमटलं की उमटलं. खोडरबर या धंद्यात नाही.

बाबांचं अक्षर पंचक्रोशीत ओळखीचं होतं. गोल, भरीव, वेलांटीला शेवटी छोटासा झोका. लग्नघरी जेवायला बसलं आणि ताट उलटून पाहिलं की लोक म्हणायचे, मलकापूरचा हात आहे. हे कौतुक ऐकत मी वाढले, आणि अकराव्या वर्षी फुटक्या डब्यांच्या झाकणांवर मशीन चालवायला शिकले. तेरा वर्षांची होईतो माझं अक्षर हुबेहूब बाबांसारखं झालं होतं, झोक्यासकट.

तोवर बाबांच्या डोळ्यांना बारीक दिसेनासं झालं होतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, फारसा उपयोग झाला नाही. ही गोष्ट बाजारात कळली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, म्हणून आमच्यात आणि चाचांच्यात न बोलता एक ठरून गेलं. बाबा ओट्यावर बसायचे, मशीन हातात धरून, नावाची चिठ्ठी घ्यायचे, म्हणायचे, "ठेवून जा, दोन तासांनी या." भांडं मागच्या खोलीत यायचं. तिथे पेंढा, खोकी आणि पत्र्याच्या खिडकीखाली मी. शाळा सुटली की मी तिथे. कुणी विचारलं, कोणी टाकलं हो नाव, फार सुरेख आहे, की बाबा म्हणायचे, "आम्हीच." त्या 'आम्ही'मध्ये मी होते, पण ते फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

तेराव्या वर्षी मला या गुपिताची मोठी ऐट वाटायची. पंधराव्या वर्षी तेच गुपित टोचायला लागलं. का, ते सांगता येत नव्हतं. मी मशीन जोरात आपटायचे, पेंढा लाथेनं उडवायचे, आणि चाचा बाहेरून हाक मारायचे, "बेटा, भांडी माझी आहेत हं, दुश्मनाची नाहीत."

अशात, तुळशीची लग्नं उरकून लगीनसराई सुरू झाली होती तेव्हा, शाळेत एक मॅडम आल्या. तुमच्या वयात मनाचं काय होतं, हे समजावून सांगायला आल्या होत्या. त्यांनी प्रत्येकाला एक कागद दिला. त्यावर दहा वेळा छापलेलं होतं, 'मी', मग रिकामी जागा, मग 'आहे'. जे खरं वाटेल ते लिहा, म्हणाल्या, कुणी तपासणार नाही.

माझ्या शेजारणीनं पाच मिनिटांत दहाही ओळी भरल्या. मी प्रेमळ आहे, मी हुशार आहे, मी थोडी आळशी आहे. मी पेन धरून बसले. मी गप्प आहे, असं लिहायला गेले, कारण शाळेत मी गप्पच असायचे. पण घरी आई म्हणते, हिची जीभ म्हणजे कातर. मी फटकळ आहे, असं लिहावं, तर मागच्या खोलीत मी दोन-दोन तास एक शब्द न बोलता काढायचे आणि मला तेच आवडायचं. मी कामसू आहे, हे खरं होतं, पण ते काम माझं आहे हे कुणाला सांगायची सोय नव्हती. प्रत्येक वाक्य 'आहे'पर्यंत पोचायच्या आत खोटं पडत होतं. घामच फुटला मला. गणिताच्या पेपरात फुटला नव्हता तेवढा. तास संपला तेव्हा माझा कागद कोरा होता. मॅडम म्हणाल्या, पुढच्या महिन्यात मी परत येणार आहे, तेव्हा आण.

घरी गेले ती थेट स्वयंपाकघरात. काय शिरलं डोक्यात कोण जाणे, फळीवरचं एकेक भांडं काढून उलटं करून पाहायला लागले. नाव टाकणाऱ्याचं घर, तिथे बिननावाची वाटी सापडणार नाही. दादाच्या बारशाचं ताट होतं, वाटी होती, पेला होता, तिन्हींवर दादाचं नाव. आईच्या लग्नातल्या डब्यांवर बाबांचं नाव. मामानं दिलेल्या पातेल्यावर मामाचं. माझं नाव कुठेच नव्हतं. चमच्यावरसुद्धा नाही.

"आई, माह्या बारशाची भांडी कुठं आहेत?"

आई पीठ मळत होती. "तुह्या बारशाले ऐन लगीनसराई होती. तुह्या बाबाले मान वर करायले फुरसत नव्हती. ताट आणलं होतं, नाव टाकतो म्हणे मंग. राहूनच गेलं."

"मंग ते ताट कुठं आहे?"

"गेलं कोणाच्या लग्नात. कोरं होतं न." आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "काऊन? आता काय बारसं करतं?"

ती हसली. मला हसू आलं नाही. सबंध गावाच्या भांड्यांवर नावं टाकणारा माणूस स्वतःच्या पोरीचं नाव विसरला, आणि घरात त्याचा विनोद होतो. मी पातेलं फळीवर असं ठेवलं की शेजारीण डोकावली.

पुढच्या शुक्रवारी शाळा अर्धीच होती. चाचा दुपारच्या नमाजला गेले होते, बाबा त्यांच्या गल्ल्याशेजारी बसून दुकान राखत होते. माझ्यापुढे पितळेची घागर होती, नवी, पिवळीधमक. जवळच्याच खेड्यातल्या एका नवरीच्या मामांनी भाचीच्या लग्नासाठी घेतली होती. भाची डोणगावला दिली होती. गळ्याखाली टाकायचा मजकूर मी पूर्ण केला, भाचीस मामाकडून सप्रेम भेट, नाव, झोका, सगळं बाबांच्या हातचं. पुसून पाहिलं. सुरेख होतं. मला त्या सुरेखपणाची इतकी चीड आली की मी घागर पालथी घातली आणि बुडावर माझं नाव टाकलं.

चार अक्षरं आहेत माझ्या नावात. ठरवून टाकलं असं म्हणता येणार नाही, चुकून टाकलं असंही नाही. मला फक्त पाहायचं होतं. मनाशी एवढं पक्कं होतं की हे अक्षर माझ्या हातचं असेल, कसं का असेना. मशीन बंद केलं आणि पाहिलं, तर ते बाबांचं अक्षर होतं. गोल, भरीव. वेलांटीला झोका. माझं नाव बाबांनी टाकल्यासारखं दिसत होतं.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. मामा घागर न्यायला आले होते. घासून काढायला वेळ नव्हता, आणि काढलं तरी पितळेवर पांढुरका डाग राहतो. मी घागर पेंढ्यात गुंडाळली, सुतळी बांधली, बाहेर दिली. बुडाकडे कोण पाहतं, असं स्वतःला सांगितलं.

बुडाकडे नणंद पाहते. लग्नानंतर आठव्या दिवशी डोणगावात नवरीच्या नणंदेनं घागर चिंचेनं घासायला पालथी घातली आणि भलत्याच बाईचं नाव वाचलं. आमच्याकडे याचा एकच अर्थ होतो. भांड्यावर दुसऱ्याचं नाव म्हणजे भांडं दुसऱ्याचं, म्हणजे जुनं, कुणाच्या तरी घरचं उचलून पॉलिश मारून दिलेलं. बुडाचा फोटो काढून नात्यातल्या ग्रुपवर टाकला गेला. सासूनं सुनेला चार बायकांत विचारलं, तुझ्या मामाला नवी घागर झेपत नव्हती का? पोरगी रडून रडून फोनवर बोलेना. हे सगळं मला त्या दिवशी कळलं, ज्या दिवशी मामा डोणगावाहून घागर घेऊन दुकानात आले आणि त्यांनी ती ओट्यावर आदळली.

मी मागच्या खोलीत होते. दाराच्या फटीतून सगळं दिसत होतं.

"चाचा, तुमच्या भरवशावर आलो होतो मी. जुना माल देता होय आमाले? पाव्हण्यायनं इज्जत काढली आमची!"

चाचा उभे राहिले. त्यांच्या दुकानात असं कुणी कधी बोललं नव्हतं. "जुना माल? माह्या दुकानात? तौबा करा हो. तुमच्या डोळ्यांसमोर खोका फोडला न मी!"

"मंग हे नाव कोनाचं हाय?"

चाचांनी नाव वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. ते बाबांकडे वळले. बाबांना वाचता येईना, पण त्यांनी बुडावरून बोटं फिरवली. चार अक्षरं बोटांनी वाचली. झोक्यापाशी बोट थांबलं. फटीतून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

बाबा म्हणाले, "माह्याकडून झालं, पाव्हणं. पोरीचं नाव हाय. ध्यान पोरीत होतं, हात चालून गेला. घागर नवीच हाय."

"ध्यान पोरीत होतं?" मामा ओरडले. रस्त्यावर माणसं थांबली होती. "वीस वरसं झाली नावं टाकता तुमी. लोकायच्या लग्नाच्या भांड्यावर पोरीचं नाव टाकता? डोकं फिरलं काय?"

मी आत राहिले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. चाचांनी घागर बदलून दिली असती, बाबांना चार शिव्या बसल्या असत्या, आणि माझं नाव पुन्हा पेंढ्यात गेलं असतं. मी खरंच तसं करणार होते. पण त्या माणसानं बाबांच्या हातातलं मशीन ओढून बाजूला फेकलं. मला काय झालं कळलं नाही, मी बाहेर ओट्यावर उभी होते.

"मी टाकलं ते."

"तू आत जाय," बाबा म्हणाले.

"मी टाकलं. बाबानं नाही."

मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आणखीच भडकले. "पोरीले कायले पुढं करता? हा हात तुमचा हाय. माह्या लग्नाच्या परातीवर हाच हात हाय. मी आंधळा नाही."

मला तेव्हा जो संताप आला तो आजही आठवतो. गुन्हा कबूल करतेय तर तोही माझा मानायला तयार नाहीत! मी मशीन उचललं, चाचांच्या फळीवरची एक कोरी वाटी घेतली, ओट्यावर बाबांच्या पोत्यावर बसले आणि सगळ्यांदेखत माझं नाव टाकलं. अक्षर जरासुद्धा हललं नाही. वाटी घागरीच्या बुडाशेजारी धरली. मामांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चाचांनी वाटीकडे पाहून उसासा टाकला, कारण ती तांब्याची होती, महागातली.

"मंग," मामा हळू आवाजात म्हणाले, "कधीपासून टाकून राह्यली तू?"

मी बाबांकडे पाहिलं. आता उशीर झाला होता. गुपित माझ्याच तोंडून फुटलं होतं आणि रस्त्यावर वीस माणसं होती.

बाबांनी खाली बघत सांगितलं, "दोन वरसं झाली. माह्यानं बारीक दिसत नाही आता."

मामांचा राग ओसरला, पण सुटका झाली नाही. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, डोणगावचा नंबर लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यापुढे धरला. "मले काही सांगू नको. त्यायले सांग."

पलीकडे बाईचा आवाज आला. "हॅलो? कोन बोलून राह्यलं?"

कोऱ्या कागदावरचे ते दहा 'मी' माझ्यापुढे ओळीनं उभे राहिले.

"अवो, कोन हाय?"

"मी मलकापूरहून बोलते," मी म्हणाले. "भांड्यावर नावं टाकते मी. तुमच्या सुनेची घागर नवीच हाय. बुडावरचं नाव माह्यं हाय. मीच टाकलं."

"तुह्यं? आमच्या सुनेच्या घागरीवर? काऊन व माय?"

"मले पाह्याचं होतं."

"काय पाह्याचं होतं?"

"कसं दिसते ते."

मग ती बाई म्हणाली, "माय वं! तुले दुसरं भांडं नाही भेटलं काय? आठ दिवसांपासून पोरगी जेवली नाही इथं." आणि आत तोंड करून तिनं हाक मारली, "अवं सूनबाई, इकडं ये, आईक हे काय म्हनते." त्या सूनबाईला मी काय बोलले ते आठवत नाही. रडले एवढं आठवतं. ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं एकच विचारलं, नाव तुझंच कशावरून, आणि मी म्हणाले, माझंच आहे.

चाचांनी नवी घागर काढली. मामा म्हणाले, पोरीला हात लावू देऊ नका. बाबा म्हणाले, "मंग कोनीच टाकनार नाही. टाकन तर हे पोरगीच टाकन." मामांनी मान हलवली आणि समोर उभे राहून माझ्याकडून एकेक अक्षर टाकून घेतलं. बूड दोनदा तपासलं.

जुनी घागर बाबांच्या सायकलला बांधून आम्ही घरी निघालो. "नेऊन टाका," चाचा म्हणाले होते, "बेटीच्या नावाची हाय, दुसरं कोन घेनार?" बाबा सायकल ढकलत चालत होते, मी घागर धरून मागे. मला वाटलं होतं ते रागावतील. मी त्यांचं बाजारातलं नाव घालवलं होतं. घर जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "माह्यासारखा हात काढला तू. मले वाटे, पोरगी खुशीनं काढून राह्यली." खुशीनंच काढला होता, हे खरं होतं, आणि आता तो नकोसा झाला होता, हेही खरं होतं.

मॅडम परत आल्या तेव्हा मी कागदावर एकच ओळ लिहून दिली, मी भांड्यांवर नावं टाकणारी आहे. त्यांनी विचारलं, बाकीच्या नऊ? मी म्हणाले, अजून ठरत नाही. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. मला वाटतं त्यांची निराशा झाली.

मामा घागर घेऊन आले त्या दिवसानंतर मागच्या खोलीत काम करायचं कारणच उरलं नाही. बाबांनी ओट्यावर स्वतःच्या शेजारी दुसरं पोतं टाकलं. पहिल्याच दिवशी एक बाई नातवाच्या बारशाचं ताट घेऊन आली. मी मशीन सुरू केलं, तेव्हा बाबा कानाशी म्हणाले, "माह्यासारखं नको काढू. तुह्यं काढ." इतके दिवस ज्यासाठी आतल्या आत धुमसत होते, ते त्यांनी असं सहज हातात दिलं, आणि मला त्यांचाच राग आला. माझं म्हणजे कसं? गोल करू की उभं? झोका देऊ की नको? बाई उभी होती, ताट माझ्या मांडीवर होतं आणि सुई नुसती हवेत टर्रर्र करत होती. शेवटी मी डोळे मिटल्यासारखं केलं आणि टाकलं. पहिलं अक्षर मोठं झालं, दुसरं खाली उतरलं, वेलांटी लांबत जाऊन काठाला टेकली.

बाईनं ताट उजेडात धरलं, पुन्हा जवळ आणलं. "हे कोनं टाकलं?"

मी बाबांकडे पाहिलं. ते नेहमीसारखं 'आम्हीच' म्हणतील म्हणून मी थांबले. ते रस्त्याकडे बघत बसले होते.

"वाकडं हाय थोडं," बाई म्हणाली.

"हाव," मी म्हणाले. "मीच टाकलं."